गुडघ्यातले चाळीस शब्द

जयसिंगपूरच्या आठव्या गल्लीतलं चौगुल्यांचं घर भांडणांवर उभं आहे. ही नुसती बोलायची पद्धत आहे असं कुणी समजू नये, नगरपालिकेत नकाशे आहेत. १९९८ साली थोरली जाऊ राजमती, म्हणजे राजाक्का, आणि धाकटी जाऊ शालन यांचं गॅसच्या शेगडीवरून वाजलं, त्यातून पहिला मजला झाला. २००६ साली पाण्याच्या टाकीवरून वाजलं, त्यातून दुसरा. तिसऱ्यालाही हरकत नव्हती, साहित्य भरपूर होतं. पण दोघींचे नवरे, भूपाल आणि सुकुमार हे सख्खे भाऊ, वर्षाच्या अंतराने वारले आणि बांधकामाचं मनावर घेणारं कुणी उरलं नाही.

तर तळमजल्यावर शालन, पहिल्या मजल्यावर राजाक्का आणि दुसऱ्या मजल्यावर लोणच्याच्या बरण्या अशी वाटणी होती. तळापासून गच्चीपर्यंत चोपन्न पायऱ्या. दोघींचा संवाद या जिन्यातूनच चालायचा. एक वरच्या कठड्याला, एक खालच्या, मधे अठरा पायऱ्या आणि गल्लीभर श्रोते. शालन थोरल्या जावेला शेवटपर्यंत ‘तुम्ही’च म्हणायची. “तुम्ही पक्क्या लबाड हायसा, अक्का,” असं. घराण्याची रीत होती.

२०४१ सालच्या एप्रिलमध्ये एका सकाळी शालनने खालून विचारलं, “मोटर कुणी बंद केली ओ?”

वरून उत्तर आलं नाही.

सेहेचाळीस वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. शालन एका दमात वर गेली. राजाक्का मोटरच्या बटणाखाली भिंतीला टेकून बसली होती आणि तिचं अर्धं तोंड खाली उतरलं होतं. चाळीस मिनिटांच्या आत दवाखान्यात आणलंत म्हणून वाचल्या, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि शालनच्या प्रसंगावधानाचं कौतुक केलं. “प्रसंगावधान कसलं,” शालन म्हणाली. “मी भांडायला गेलते.”

हात-पाय तीन आठवड्यांत परत आले. शब्द आले नाहीत. एकच आला: ‘बरं’. पाणी हवं का? बरं. झोपायचंय का? बरं. मी कोण? बरं. गल्लीला याचा फार अचंबा वाटला, कारण एकाहत्तर वर्षांत राजाक्का कुणालाही ‘बरं’ म्हणाल्याची नोंद नव्हती. शालनचं मत असं पडलं, की बाकीचे शब्द वापरून वापरून झिजले आणि हा नवाकोरा पडून होता, म्हणून टिकला.

वाचा परत आणायचं काम नीलोफर मुजावर या वाचोपचार करणाऱ्या मुलीकडे होतं. तिशीची, बारीक, आणि काहीही ऐकलं तरी चेहरा न हलू देणारी. तिने पहिल्याच दिवशी शालनला समजावलं.

“मावशी, शब्द आत आहेत सगळे. बाहेर यायचा पूल वाहून गेलाय. महापुरात शिरोळचा रस्ता बंद झाला की आपण काय करतो?”

“घरात बसतो.”

“आणि जायलाच लागलं तर?”

“लांबनं फिरून जातो.”

“तेच करायचंय. मेंदूत लांबनं नवी वाट पाडायची. वाट पाडायला घाम लागतो. खराखुरा.”

मग तिने शब्दपट्टा काढला. छातीला बांधायचा पट्टा, कानाच्या पाळीला चिमटा आणि कमरेला काडेपेटीएवढी डबी. नीलोफरने सांगितलं त्यातलं शालनला समजलं ते असं. माणूस दमायला लागला की काम करणारे स्नायू रक्तात एक द्रव्य सोडतात. ते मेंदूपर्यंत पोचतं आणि तिथे एक प्रथिन वाढवतं, जे पेशींच्या सांध्यांना खतासारखं लागू पडतं. त्याच वेळी मेंदूच्या बुडाशी असलेला निळसर ठिपका जागा होतो आणि ‘आत्ता जे येईल ते ठेवून घ्या’ असा निरोप सगळीकडे धाडतो. व्यायामाने म्हाताऱ्या माणसांना नवे शब्द शिकायला मदत होते का, यावर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं वाद घालत होते; कुणाला फरक दिसायचा, कुणाला दिसायचा नाही. कारण शेवटी सापडलं. हा दरवाजा उघडतो जेमतेम दीड मिनिट, आणि प्रत्येकाचा वेगळ्या वेळी. शब्दपट्टा कातडीवरून रक्ताचा अंदाज घेत बसतो आणि दार उघडलं रे उघडलं की कानात शब्द टाकतो. तेवढंच त्याचं काम.

“एक अडचण आहे,” नीलोफर म्हणाली. “दमलेल्या अंगात शिकलेला शब्द सुरुवातीला दमलेल्या अंगालाच सापडतो. नाडी शंभराच्या वर गेली की येणार, खाली बसलं की गायब. मग महिन्यांनी कधीतरी तो बसल्या जागी यायला लागतो.”

“म्हंजे अक्काला बोलायचं झालं तर पळायला लागणार?”

“चढायला लागेल.”

आधी दवाखान्यातली जागच्या जागी चालवायची सायकल दिली होती. राजाक्का तिच्यावर पदर नीट खोचून, पाठ ताठ ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखी बसली आणि पायडल इतक्या सभ्यपणे फिरवू लागली की नाडी अठ्ठ्याहत्तरच्या वर जाईना. मग जिना. व्यायाम घेणारा तरुण पुढे चालला तेव्हा नाडी शहाण्णव. सहज म्हणून शालनला पुढे चालायला सांगितलं, तर नवव्या पायरीलाच एकशे बारा. नीलोफरने तो आलेख दोनदा पाहिला.

“मावशी, यांना तुमच्या मागनं चढताना काय होतं?”

“मला गाठायचं असतंय त्यास्नी.”

असं शालनला हे काम मिळालं.

शेवटचा अडथळा हाडांच्या डॉक्टरांनी घातला. राजाक्काच्या गुडघ्यांचे फोटो त्यांनी उजेडासमोर धरून पाहिले. मग म्हणाले, हे गुडघे अजून चाळीस हजार पायऱ्या चढतील, त्याच्यापुढची हमी नाही. एक शब्द पक्का व्हायला सरासरी हजार पायऱ्या लागतात. गणित सोपं होतं. अक्काची अक्कल गुडघ्यात आहे, हे शालनचं फार जुनं मत होतं. आता ते डॉक्टरांच्या सहीनिशी मिळालं. गुडघ्यात चाळीस शब्द होते.

कुठले चाळीस, हे ठरवायला समिती झाली. राजाक्काचा एकुलता एक मुलगा अभिनंदन बेंगळुरूला असतो. अठ्ठेचाळीस वर्षांचा, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आईवर जीव, आणि कुठल्याही दुःखाचा तक्ता करायची सवय. त्याने तक्ता केला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. दहा शब्द शब्दपट्ट्याच्या कंपनीने आधीच भरून दिले होते. त्यात पाणी, कोण, चांगलं असे कामाचे होते, आणि कंपनी पुण्याची असल्यामुळे ‘कृपया’ आणि ‘किंचित’ही होते. ‘गुडघा’ आणि ‘दुखतंय’ हे हाडांच्या डॉक्टरांनी घातले. उरलेल्या अठ्ठावीस जागांसाठी जे झालं ते नगरपालिकेच्या निवडणुकीतही होत नाही. ज्याला त्याला स्वतःचं नाव हवं होतं. आठ वर्षांत एकदाही न फिरकलेल्या इचलकरंजीच्या भाच्याने ‘मामीच्या तोंडून माझं नाव ऐकायचंय’ म्हणून रडका निरोप धाडला आणि जागा मिळवली. सतरा नावं झाली. मग औषध, चहा, बस्ती म्हणजे जैन मंदिर, देव, आशीर्वाद. अभिनंदनच्या बायकोने, श्रद्धाने, ‘छान’ सुचवला. सगळ्यांना यादी छान वाटली.

जूनमध्ये चढाई सुरू झाली. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. शालन पुढे, राजाक्का मागे, कठड्याला हात. पाचव्या दिवशी, पहिल्या मजल्याच्या वळणावर, मागून घोगरा आवाज आला, “पाणी.”

शालन थबकली. वळून पाहिलं तर राजाक्काच दचकून उभी होती, दुसऱ्याच कुणाचा आवाज ऐकल्यासारखी. शालनने पाणी आणून दिलं. राजाक्काला तहान नव्हती, तरी तिने तांब्याभर प्यायलं, शब्दाचा मान म्हणून.

जुलै संपेपर्यंत अकरा शब्द झाले. चौगुले घराण्याच्या इतिहासात पहिल्यांदाच कुणीतरी ‘कृपया’ म्हणालं, आणि तेही दूधवाल्याला, जो नेमका जिन्यात सापडला. त्याला वाटलं, बाई उधारी बंद करतायत.

ऑगस्टमध्ये एका दुपारी शालनने गुळाच्या पोळ्या केल्या. आता दोघी तिच्याच स्वयंपाकघरात जेवत. पहिली पोळी झाल्यावर तिने सवयीने विचारलं, “आणखी वाढू?”

“बरं.”

दुसरी झाली. “अजून एक?”

“बरं.”

शालनला गंमत वाटली. नवरे असताना याच बाईने तिच्या पोळीला ‘पत्रावळ’ म्हटलं होतं, चार पाहुण्यांत. तिने तिसरी वाढली. वर तुपाची धार सोडली. राजाक्का घास घेत होती, चावत होती, गिळत होती. चौथी वाढताना शालनचं लक्ष तिच्या डोळ्यांकडे गेलं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तोंड घासासाठी उघडत होतं.

शालनने ताट ओढून घेतलं. मग नळ मोठा सोडून भांडी घासत बसली. घासायला फार भांडी नव्हती.

दुपारनंतर तिने यादी काढली आणि बोट ठेवून पहिल्यापासून वाचली. सतरा नावं, देव, आशीर्वाद, छान. ‘नको’ नव्हता. अख्ख्या खानदानात, बेंगळुरूपासून इचलकरंजीपर्यंत, एकालाही सुचलं नव्हतं की या बाईला कधी कशाला नको म्हणायचं असेल. प्रत्येकाने आपल्याला तिच्या तोंडून जे ऐकायचं होतं तेवढंच लिहिलं होतं.

फोनवरून यादी कशी बदलायची हे नीलोफरने शिकवलं होतं. शालनने इचलकरंजीच्या भाच्याचं नाव पुसलं आणि तिथे ‘नको’ लिहिलं.

पाच दिवसांनी, दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर, राजाक्का म्हणाली, “नको.” मग पुन्हा म्हणाली. मग गच्चीपर्यंत पायरीगणिक म्हणत गेली, नको, नको, नको, आणि वर पोचल्यावर कठडा धरून हसायला लागली. त्या आठवड्यात तिने जिन्यात भेटलेल्या प्रत्येक माणसाला नको म्हणून घेतलं. मीटर वाचायला आलेला माणूस तर मीटर न वाचताच गेला.

एकदा हात लागल्यावर शालन थांबली नाही. भांडायला माणूस हवं तर त्याच्या हातात काहीतरी द्यायला हवं, हे तिला सेहेचाळीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. एका चुलतदिराला काढून तिने ‘खारट’ घातला. अक्काला तिची आमटी कायम खारट लागायची. दोन मेहुण्यांच्या जागी ‘आळशी’ आणि ‘चोंबडी’ आले. हे दोन्ही शब्द अक्का शालनसाठीच वापरायची, त्यामुळे मालकी हक्काने ते तिचेच होते. सप्टेंबरमध्ये अठराव्या पायरीवर मागून “चोंबडी” असं स्पष्ट ऐकू आलं, तेव्हा शालनला भरून आलं.

“तुम्हीच चोंबड्या,” ती न वळता म्हणाली.

“आळशी.”

“चला वर, बघू कोण आळशी हाय ते.”

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. एप्रिलपासून बंद पडलेलं काहीतरी पुन्हा सुरू झालं होतं.

सप्टेंबरच्या अखेरीस अभिनंदनचा व्हिडिओ कॉल आला. राजाक्का बसून होती, शालन बाजूला.

“काकू, गुड न्यूज. मोठा फ्लॅट घेतलाय. आईला स्वतंत्र खोली, खाली बाग, पंधरा मिनिटांवर न्यूरो सेंटर. दिवाळीत येतो आणि घेऊनच जातो.”

“विचारलंस तिला?”

“परवाच विचारलं. बरं म्हणाली.”

शालनने राजाक्काकडे पाहिलं. राजाक्का पडद्यावरच्या मुलाकडे बघत होती, आणि त्या बघण्यात काय आहे ते शालनला वाचता येईना. शिव्या वाचता यायच्या. हे नाही.

“किती महिने एकट्याच करताय तुम्ही,” अभिनंदन म्हणाला. “आता तुम्हालाही जरा आराम.”

तो मनापासून बोलत होता. लहानपणी आईचा मार चुकवायला तो अठरा पायऱ्या उतरून काकूच्याच खोलीत लपायचा. शालनला मूलबाळ नव्हतं. तिला आराम मिळाला असता तर त्याचं ती काय करणार होती, हे त्याच्या तक्त्यात कुठे बसण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने नीलोफरला विचारलं, “दिवाळीपर्यंत किती शब्द व्हतील?”

“चार. ओढूनताणून पाच.”

“मग आधी ‘इथं’ घालते. नको हायच. अभी न्यायला आला की जिन्यात उभी करते आणि विचारायला लावते. नको म्हणंल, इथं म्हणंल, मिटलं.”

नीलोफरचा चेहरा नेहमीप्रमाणे हलला नाही. “आणि त्यांना जायचं असेल तर?”

“कशाला जायचं असंल?”

“पोरगा आहे. नातवंडं आहेत. मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. पण जायचंय म्हणायला त्यांच्याकडं एक शब्द नाही. अभिनंदनदादांनी बरं धरलं, तुम्ही नको धरताय. फरक काय?”

शालन उठून गेली. दोन दिवस तिने नीलोफरचा फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी तिने यादीत ‘इथं’ घातला आणि त्याच्याखाली, बोट जड करून, ‘जाते’ घातला.

‘इथं’ चार दिवसांत आला. ‘जाते’ येईना. पाच दिवस झाले, सात झाले. पट्टा वेळच्या वेळी सांगत होता, डबीवरचा हिरवा दिवा लागत होता, आणि राजाक्का ओठ घट्ट मिटून मान हलवत होती. शालनला आतून बरं वाटत होतं आणि तसं वाटतंय म्हणून स्वतःचा रागही येत होता. आठव्या दिवशी राजाक्का पायरीवरच थांबली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि कमरेच्या डबीकडे असं पाहिलं, जसं ती पूर्वी शालनच्या स्वयंपाकाकडे पाहायची.

तेव्हा शालनच्या डोक्यात उजेड पडला. घरातून निघताना ‘जाते’ म्हणू नये. अशुभ असतं. हे तिला या घरात नवरी म्हणून आल्यावर तिसऱ्या दिवशी याच बाईने, चारचौघांत, झापून शिकवलं होतं. पुण्याच्या डबीला ते कोण सांगणार? आठ दिवस ती थोरल्या जावेला घराच्या जिन्यात उभं करून अपशकुन पाठ करायला लावत होती.

“चुकलं, अक्का,” ती म्हणाली.

“चोंबडी,” राजाक्का म्हणाली.

मग शालनने ‘जाते’ काढून ‘बेंगळुरू’ घातला. चार अक्षरी, जोडाक्षर नसलं तरी अवघड. सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत शालन रोज चार वेळा पुढे चढत होती, आणि तिच्या गुडघ्यांचे फोटो कुणीच काढलेले नव्हते. उतरताना ती उजवा पाय आधी टाकायला लागली होती. अक्काला कळू नये म्हणून तेव्हा मोठ्याने बोलायची. सहाव्या दिवशी मागून शब्द आला, सगळ्या अक्षरांनिशी. “शाब्बास,” शालन म्हणाली, आणि वळून न बघता गच्चीपर्यंत चढत गेली.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अभिनंदन आणि श्रद्धा आले. गाडीची डिकी रिकामी ठेवून आले होते. फराळ झाला. अभिनंदन आईसमोर खुर्ची ओढून बसला, तिचा हात हातात घेतला.

“आई, येतेस ना माझ्याकडं?”

“बरं,” राजाक्का म्हणाली.

त्याने काकूकडे पाहिलं, बघा, अशा अर्थाने.

“बसून विचारलेलं धरायचं न्हाई,” शालन म्हणाली. “जिन्यात विचार.”

“काकू, काहीतरीच काय.”

“नीलोफरला फोन लाव, खोटं वाटत असंल तर. बसलं की बरं, चढलं की खरं. ऊठ.”

आणि चौगुले कुटुंबाची बैठक जिन्यात भरली. पुढे शालन. तिच्यामागे छातीला पट्टा बांधलेली राजाक्का. तिच्यामागे अभिनंदन, ज्याच्या ऑफिसातली लिफ्ट गेल्या अकरा वर्षांत बंद पडलेली नव्हती. शेवटी श्रद्धा, हातात फोन, त्यावर सासूची नाडी आणि यादीतला शब्द आला की उमटणारी हिरवी खूण.

“चौऱ्याण्णव,” श्रद्धा म्हणाली. “एकशे एक. एकशे सहा.”

“आता विचार,” शालन पुढून म्हणाली.

“आई,” अभिनंदन म्हणाला. ते बाविसाव्या पायरीवर होते. “तिथं तुला... खोली आहे. बाग आहे. आणि... ते...” त्याने कठडा धरला. “सेंटर. पोरं तुला... पोरं...” त्याचे शब्द एकेक करून निघून चालले होते. त्याने गळ्याकडे हात नेला. “पा... पा...”

“पाणी,” राजाक्का म्हणाली.

अभिनंदन तिच्याकडे बघत राहिला. हा शब्द त्याला तिनेच शिकवला होता, सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, बहुधा याच घरात. आज दुसऱ्यांदा दिला.

श्रद्धाने पर्समधून बाटली दिली. पण राजाक्का थांबली नव्हती, ती चढत होती. थांबली की नाडी उतरते, नाडी उतरली की बरं उरतं, हे आता तिला कुणी सांगायला नको होतं.

“अभी,” ती म्हणाली. एक पायरी. “बेंगळुरू.” आणखी एक. “चांगलं.”

मागे तिन्ही हिरव्या खुणा उमटल्या. शालनला त्या दिसल्या नाहीत, तिने फक्त ऐकलं. सहा दिवस, हजार पायऱ्या, आपणच शिकवलं. थांबावंसं वाटलं. तिने पाय थांबवला असता तर मागची थांबली असती, नाडी उतरली असती आणि वाक्य तिथेच विझलं असतं. इतकं सोपं होतं. अक्काला जे काही म्हणायचं होतं, ते संपायला अजून पायऱ्या लागणार होत्या.

शालनने उजव्या पायावर भार दिला आणि पुढची पायरी चढली. मग तिच्या पुढची.

“शालन,” मागून आवाज आला.

“हां.”

“हा शब्द यादीत नाहीये,” श्रद्धा फोनकडे बघत म्हणाली. “लाल येतंय. हा शिकवलेलाच नाही.”

शालनने कठडा धरला, पण पाय चालू ठेवले.

“शालन,” राजाक्का पुन्हा म्हणाली, या वेळी मुलासाठी, जसं वर्गात पाटीवरचं वाचून दाखवतात. “आळशी. चोंबडी.” पायरी. “खारट.”

“हे यादीत कुणी घातलं?” श्रद्धाने विचारलं.

“शालन. गुडघा.” राजाक्काचा श्वास आता शिटीसारखा वाजत होता. “दुखतंय.”

“माझा कुठला दुखतोय? तुमचा दुखतोय.”

“नको,” राजाक्का म्हणाली. म्हणजे, मला शिकवू नको. मग तिने मान वळवून खाली पाहिलं. अभिनंदन एकतिसाव्या पायरीवर बसला होता, बाटली छातीशी धरून. ती चढता चढता त्याला विचारत होती, रागाने नव्हे, एखादी अडचण पोरापुढे मांडावी तशी. “कोण?”

म्हणजे, हिच्याकडे बघायला कोण. अभिनंदन अजून धापा टाकत होता.

“इथं,” राजाक्का म्हणाली, आणि विषय संपवला.

शालन गच्चीकडच्या वळणावर पोचली होती. तिला रडू येत होतं आणि ते मागच्या बाईला दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून तिने आवाज चढवला. “माझी काळजी करायला कुणी सांगितलं तुम्हाला? आं? पोरगा गाडी घेऊन आलाय, बाग काय, खोली काय, आणि ह्या बसल्या माझे गुडघे मोजत.”

“चोंबडी.”

“मी चोंबडी? चोरून माझ्या पायाकडं कोण बघत होतं?”

“आळशी.”

“चढतेय न्हवं का मी?”

आवाज वर वर गेले, गच्चीचं दार करकरलं आणि मग ते उघड्यावर गेले. आठव्या गल्लीत दोन-तीन खिडक्या उघडल्या. एकतिसाव्या पायरीवर अभिनंदन बसला होता आणि त्याच्या खालच्या पायरीवर श्रद्धा. फोनवर राजाक्काची नाडी एकशे चौदा होती आणि उतरायचं नाव घेत नव्हती.

“आता काय करायचं?” श्रद्धाने विचारलं.

अभिनंदन वर बघत होता. एप्रिलपासून तो आईला रोज संध्याकाळी फोन करायचा, बसल्या जागेवरून, बसलेल्या आईला. जवळपास दोनशे दिवस त्याने तिला प्रश्न विचारले होते आणि दोनशे दिवस ती बरं म्हणाली होती. वरून तिचं हसू ऐकू आलं. ते त्याने शेवटचं कधी ऐकलं होतं, ते त्याला आठवेना.

तेवीस पायऱ्या उरल्या होत्या. त्याने बूट काढून श्रद्धाकडे दिले, पँट दोन बोटं वर ओढली, कठडा धरला आणि आईशी बोलायला चढू लागला.